गाडीसाठी अ‍ॅम्प आणि स्पीकर: पैसे आधी कशावर घालायचे?

स्वप्नील_मुलुंड
मंडळी नमस्कार. सीएनजी हॅचबॅक आहे, कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ आहे आणि तो काढायचा नाही कारण स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा सगळं त्यालाच जोडलंय. आवाज मात्र एकदम डब्बा. आवाज वाढवला की गायक ओरडतोय असं वाटतं आणि दार थरथरतं. बजेट ४० हजार, ताणून ४५. गणपतीला चिपळूणला जायचंय, त्याआधी झालं तर बरं.

ऑपेरा हाऊसला फिरलो, कुर्ल्याला सीएसटी रोडला पण जाऊन आलो. एक म्हणतो मागे ६ बाय ९ इंची अंडाकृती स्पीकर टाका, दुसरा म्हणतो १२ इंची बास ट्यूब घ्या (डिक्कीत सिलिंडर आहे हे सांगूनसुद्धा), तिसऱ्याने २००० वॅटचा ४ चॅनल अ‍ॅम्प काढून दाखवला, किंमत साडेसहा हजार. तर प्रश्न असा की आधी अ‍ॅम्प घ्यायचा की आधी स्पीकर? आई सोबत असली की अभंग आणि नाट्यगीतं, बायकोला गझल, मी एकटा असलो की हिपहॉप. या सगळ्यांना चालेल असं काहीतरी सुचवा.

दहिसरकर
स्पीकर. पुढचे.

बासबाबू
आधी बास. बाकी सगळं नंतर. बास नसेल तर हिपहॉप ऐकायचं कशाला.

सोल्डरगन
स्वप्नील, त्या २००० वॅटच्या अ‍ॅम्पचं आधी बोलू. खोक्यावरचा आकडा सोड, अ‍ॅम्पच्या अंगावरचा फ्यूज बघ. समज ३० अँपिअरचा आहे. गाडी चालू असताना जास्तीत जास्त १४.४ व्होल्ट धर, गुणिले ३० म्हणजे ४३२ वॅट. एवढीच वीज तो गाडीतून ओढू शकतो. त्यातली, अ‍ॅम्प क्लास एबी प्रकारचा असेल तर, निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त स्पीकरपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. क्लास डी असेल तर ८० टक्क्यांच्या वर. मग २००० आले कुठून? छापखान्यातून.

बघायचं ते आरएमएस, म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकतो ती पॉवर, आणि शक्यतो ज्याच्यावर सीईए-२००६ किंवा सीटीए-२००६ लिहिलंय असा अ‍ॅम्प बघ. त्या मोजणीत १४.४ व्होल्टला, ४ ओहम लोडवर, १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती न येता सगळे चॅनल किती वॅट देतात ते सांगावं लागतं. या पद्धतीने मोजलेला ५० वॅटचा चॅनल त्या २००० वाल्याच्या चॅनलपेक्षा जास्त आणि स्वच्छ वाजेल.

आता तुझ्या कंपनीच्या स्टिरिओचं. बऱ्याच स्टिरिओवर ५० वॅट गुणिले ४ असं लिहिलेलं असतं. आतल्या चिपला मिळतात १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा. साफ साइन वेव्ह (म्हणजे न कापलेला सूर) काढायची तर गणिताने वरची मर्यादाच साधारण २६ वॅट येते, नुकसान वजा जाता हातात १५ ते २०. तीच चिप पूर्ण कापलेली चौकोनी वेव्ह काढायला लागली की ५० च्या आसपास जाते, आणि खोक्यावर तोच आकडा. तुझा गायक ओरडतो तो याच कापाकापीमुळे. म्हणून अ‍ॅम्प लागेल, पण आधी नाही.

रश्मी_के
सोल्डरगन, शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला शंभर टाळ्या.

स्वप्नील, माझ्या गाडीत कित्येक महिने अ‍ॅम्प नव्हताच. पुढे दोन दारांत ६.५ इंची कंपोनंट सेट (म्हणजे खालच्या-मधल्या सुरांचा मिडबास वेगळा, वरच्या सुरांचा ट्वीटर वेगळा, मध्ये सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर) आणि दारांना डॅम्पिंग, बस. कंपनीच्याच स्टिरिओवर तबल्याचा बायाँ घुमायला लागला. आधी नुसती चाटी ऐकू यायची. ट्वीटर आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीत बसवले त्यामुळे गायक पायाशी बसून न गाता डॅशबोर्डवर आला.

तुझ्या आईसाठी सांगते, अभंगात पखवाज, टाळ आणि आवाज तिन्ही एकाच वेळी असतात. टाळ कर्कश वाटले तर ट्वीटर बदल किंवा क्रॉसओव्हरवर ट्वीटर कमी करायचा जंपर असतो तो उणे ३ वर टाक. दुकानात ट्रायल घेताना दुकानदाराचं गाणं ऐकू नकोस, त्यांची गाणी स्पीकर विकायलाच निवडलेली असतात. आईचा अभंग पेनड्राइव्हवर घेऊन जा.

बासबाबू
ताई, बायाँ घुमतो म्हणता, पण ६.५ इंची स्पीकर दारातून ६० हर्ट्झच्या खाली काय देणार? सबशिवाय (म्हणजे फक्त बाससाठीच्या सबवूफरशिवाय) अर्धंच गाणं ऐकतोय आपण. त्यात मुंबईत सगळीकडे काँक्रिटचे रस्ते झालेत, टायरचा आवाज खालच्या सुरांनाच पहिला गिळतो. घरी ऐकताना बास पुरेसा वाटतो, तोच गाडीत हायवेला लागलात की गायब.

रश्मी_के
हे पटलं, रस्त्याच्या आवाजाचं. पण त्यावर माझं उत्तर आधी दाराचं डॅम्पिंग आहे. सब मग.

ठाकुरद्वार
तुमचं बोलणं वाचून काळ्यापिवळ्या पद्मिनी आठवल्या. मागच्या काचेखालच्या फळीवर दोन अंडाकृती स्पीकर, पुढे कॅसेट डेक, त्याला जोडलेला बूस्टर आणि लाल-हिरवे दिवे नाचणारा इक्वलायझर. गिरगावातून दादरला जाईस्तोवर मागे बसलेल्याच्या मानेवर गाणं पडायचं. ड्रायव्हरने प्रत्येक खटका वर लोटलेला असायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. मागे ६ बाय ९ टाका हा सल्ला त्या फळीपासून चालत आलाय असं माझं मत, कारण तेव्हा दारात जागाच नसायची.

दहिसरकर
अगदी. आता दारात जागा असताना मागे पैसे घालायचे नाहीत. गाणारा माणूस आपल्या समोर असतो, पाठीमागे नाही. मागचे कंपनीचेच राहू देत, आवाज कमी करून.

मालवणी_माज
माका एक सांगा, डॅम्पिंग म्हणजे नक्की करतत काय? दुकानात विचारलंय तर 'शीट मारतो' एवढाच बोलले.

सोल्डरगन
ब्युटाइल रबराची शीट असते, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. दाराचं आतलं कव्हर काढायचं, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला ती शीट रोलरने घट्ट दाबून चिकटवायची. पत्रा जड होतो, थरथर थांबते. नंतर आतल्या पत्र्याला जी मोठमोठी भोकं असतात ती बंद करायची. हे दुसरं काम बरेच जण करतच नाहीत आणि फरक तिथेच पडतो. स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) पुढे जातो तेव्हा मागे उलट दाबाची हवा तयार होते, ती भोकांतून पुढे आली की दोघं एकमेकांना मारतात आणि बास गायब होतो. दार हेच तुझ्या स्पीकरचं खोकं, आणि भोकं असलेलं खोकं वाजत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. दाराच्या अगदी तळाला पाणी जायची भोकं असतात, ती चुकूनही बुजवायची नाहीत. काचेवरून पावसाचं पाणी दारात उतरतंच, तो काही बिघाड नाही, गाडी बनवतानाच तसं धरलेलं असतं. भोकं बुजली की आपल्या जुलैमध्ये दारात तळं होतं आणि पत्रा आतून सडतो. दारात स्पीकर पण पॉलिप्रॉपिलीनच्या कोनचा घ्यावा, कागदी कोन आवाजाला गोड असला तरी ओल धरतो. आणि स्पीकरखाली जी रिंग लागते ती प्लॅस्टिकची, साध्या एमडीएफची नको, फुगते ती.

मालवणी_माज
आता समाजला. देव बरा करो.

प्रभादेवी_पीडी
माझ्या गाडीत दुकानदाराने (नाव घेत नाही) स्टिरिओमागच्या वायरी कापून जोडल्या होत्या. टेप सुटला, सायनच्या सिग्नलला मागून जळका वास. सर्व्हिस सेंटरने वायरिंगची वॉरंटी नाही म्हणून हात वर केले. गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर मिळतात, ते मध्ये लावायचे म्हणजे एकही वायर कापावी लागत नाही. आधीच सांगून ठेवा की कपलर नसेल तर काम करू नका.

स्वप्नील_मुलुंड
बापरे, हे महत्त्वाचं. पण माझ्या स्टिरिओला मागे आरसीए (अ‍ॅम्पला सिग्नल द्यायचं आउटपुट) नाहीच असं दुकानवाला म्हणाला, मग अ‍ॅम्पला सिग्नल कुठून द्यायचा?

सोल्डरगन
हाय-लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प घे. स्पीकरच्या वायरी थेट त्यात जातात, आत व्होल्टेज कमी करायची सोय असते. फक्त एक गोष्ट तपास, कंपनीचे काही स्टिरिओ आवाज वाढवला की स्वतःहून बास कमी करतात, त्यांचे छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. तसं असेल तर पुढे कधीतरी डीएसपी (आवाज दुरुस्त करून देणारा प्रोसेसर) लागेल.

ईव्ही_काका
ईलेक्ट्रिक गाडीत हे चालेल का? अल्टरनेटर नाही त्यात.

सोल्डरगन
चालतं काका. ईव्हीतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते आणि मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर तिला चार्ज करत राहतो. अ‍ॅम्प त्या १२ व्होल्टवरच लावायचा. नारिंगी रंगाच्या जाड केबल हाय व्होल्टेजच्या, त्यांच्या आसपास कोणाला हात लावू देऊ नका. इंजिनाची घरघर नसल्यामुळे तुमच्या गाडीत छोटा अ‍ॅम्पसुद्धा छान वाटेल.

बासबाबू
मूळ मुद्द्यावर येतो, सब. डिक्कीत सिलिंडर आहे म्हणून सब नाही असं कोणी म्हणू नये. सीटखाली बसणारे चपटे अ‍ॅक्टिव्ह सब मिळतात, आतच ८ इंची ड्रायव्हर आणि आतच अ‍ॅम्प. १२ इंचीसारखी छाती हलणार नाही हे मी मान्य करतो, पण हिपहॉपला जो पाया लागतो तो येतो. पुढच्या सीटखाली जागा किती आहे ते पट्टीने मोजून जा, सीट पूर्ण खाली करून. काही गाड्यांत तिथे एसीची नळी असते.

दहिसरकर
त्यापेक्षा ४ चॅनल घ्यायचा, दोन चॅनल पुढच्या कंपोनंटला आणि उरलेले दोन ब्रिज करून (म्हणजे एकत्र जोडून) सीटखाली चपट्या खोक्यात साधा ८ इंची सब. एकाच अ‍ॅम्पमध्ये सगळं काम.

बासबाबू
पैशाने पण सारखंच पडतं. माझं मत अ‍ॅक्टिव्हच, कारण खोकं बनवणारा चांगला माणूस शोधावा लागत नाही.

सोल्डरगन
दहिसरकर, बरोबर आहे पण ओहम जपा. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला अर्धा लोड दिसतो. अ‍ॅम्प २ ओहमपर्यंत स्टेबल असेल तर ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली जायचं नाही. सब ड्युअल कॉइल ४+४ (आत ४ ओहमच्या दोन कॉइल) असला आणि दुकानदाराने दोन्ही कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, अ‍ॅम्प तापून प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःहून बंद पडतो) आणि लोक म्हणतात अ‍ॅम्प खराब निघाला. अशा वेळी २+२ चा सब घेऊन कॉइल सिरीजमध्ये जोडायच्या, बरोबर ४ होतात.

मानसी_ऑडिओलॉजी
माझ्या कामामुळे मला राहवत नाही म्हणून लिहिते. बंद काचांच्या गाडीत मोठा आवाज लगेच कळत नाही. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची कामाच्या जागेसाठीची शिफारस अशी की ८५ डेसिबल दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, १०० ला १५ मिनिटं. गणपतीच्या गर्दीत मुंबई ते चिपळूण किती तास लागतात ते तुम्हाला मी सांगायला नको. मागच्या सीटवर लहान मुलं असतील तर मागचे स्पीकर खरंच कमी ठेवा. उतरल्यावर कानात शीळ वाजत असेल तर आवाज जास्त झाला होता असं समजा.

आगरी_बाणा
मॅडम बरोबर बोलल्या. आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्री साडेअकराला एक गाडी येते, आमच्या खिडकीच्या काचा हलतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा. आत म्हातारी माणसं झोपलेली असतात रे पोरांनो, वळणाच्या आधी आवाज कमी करा.

बासबाबू
दादा, शंभर टक्के. गेटच्या आत मी सब बंदच करतो, रिमोट नॉब डॅशखाली लावलाय त्यासाठी. स्वप्नील, अ‍ॅक्टिव्ह सब घेशील तर नॉब असलेलाच घे. आई बसली की कमी करायला पण तोच.

स्वप्नील_मुलुंड
हे आवडलं मला. बरं, ब्रँडचं सांगा ना कोणीतरी, की सगळे गणितच शिकवणार?

रश्मी_के
आवाजाच्या स्वभावाने सांगते, हे माझ्या कानांचं मत. इटलीचं हर्ट्झ मोकळं आणि जोरकस. इस्राएलचं मोरेल मऊ, गझलेला आणि नाट्यगीताला मला सगळ्यात आवडलेलं. फ्रान्सचं फोकल स्पष्ट, पण ट्वीटर तोंडासमोर आला तर आईला टाळ टोचतील. जेबीएल आणि इन्फिनिटी दोन्ही हर्मनचे, सहज वाजतात, कमी पॉवरवरही चालतात. तुझ्या बजेटमध्ये प्रत्येकाची खालची रेंज बसेल. सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो) नक्की बघ. एक ८८ डेसिबलचा आणि दुसरा ९१ चा असेल तर दुसऱ्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मी पॉवर पुरते.

दहिसरकर
आणि सीलबंद खोकं, बिल, वॉरंटी कार्ड. चोरबाजारात स्वस्त मिळतं म्हणून जाणारे पाहिलेत मी, जुन्या स्पीकरच्या कडेचा रबर कडक झालेला असतो ते वरून दिसत नाही.

सोल्डरगन
आता मूळ प्रश्न. माझ्या मते क्रम असा: दार, पुढचे स्पीकर, मग अ‍ॅम्प, मग सब. पैशात सांगतो. पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग मजुरीसकट ५ ते ६ हजार, कंपोनंट सेट ११ ते १३, हाय-लेव्हल इनपुटचा क्लास डी ४ चॅनल अ‍ॅम्प, ५० ते ७५ वॅट आरएमएसचा, १२ च्या आसपास. वायर किट आणि कपलर ४. म्हणजे ३५ च्या आत. उरलेल्यात सीटखालचा सब बसला तर आत्ताच, नाहीतर दिवाळीला. अ‍ॅम्पचे दोन चॅनल तोवर मोकळे राहू देत किंवा मागचे कंपनीचे स्पीकर हळू आवाजात त्यावर चालव.

वायरीत काटकसर करू नकोस. बाजारात बहुतेक किट सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. शुद्ध तांब्याची माग. आपल्या दमट हवेत सीसीएची टोकं लवकर पांढरी पडतात. ३०० वॅटचा क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण जोरात २५ अँपिअरच्या आसपास ओढेल, त्याला ८ गेज तांबं पुरे, सब त्याच वायरवर घ्यायचा असेल तर ४ गेज (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, यात तडजोड नाही, वायर पत्र्यात घासून शॉर्ट झाली तर तोच गाडी वाचवतो. आणि तुझी सीएनजी आहे म्हणून मुद्दाम सांगतो, पॉवर केबल गॅसच्या नळीपासून दूर न्यायची, अ‍ॅम्प सिलिंडरच्या बाजूला डिक्कीत नको, सीटखाली ठेव.

प्रभादेवी_पीडी
पॉवरची वायर एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्यायला सांगा, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमध्ये कुईईई येतं. अर्थिंग रंग खरवडून थेट पत्र्याला.

रश्मी_के
बसवून झाल्यावर दुकानातून लगेच निघू नकोस. पुढच्या स्पीकरला ८० हर्ट्झचा हाय-पास लावून घे, म्हणजे त्याखालचे सूर त्यांना जात नाहीत. खालचं ओझं निघालं की तेच स्पीकर किती मोकळे वाजतात ते ऐकून तू खुश होशील. आणि दुकानदार गेन (अ‍ॅम्प सिग्नल किती वाढवतो त्याचा स्क्रू) पूर्ण फिरवून देतात, 'बघा सर किती आवाज'. तसं घेऊ नकोस.

सोल्डरगन
गेन मल्टिमीटरने लावायचा. स्पीकर काढून ठेव, बास ट्रेबल शून्यावर, स्टिरिओ पाऊण आवाजाला, १ किलोहर्ट्झचा टोन वाजव आणि अ‍ॅम्पच्या आउटपुटला एसी व्होल्ट मोज. ५० वॅट ४ ओहमला १४.१ व्होल्ट, ७५ वॅटला १७.३. तिथे पोचलं की स्क्रूड्रायव्हर बाजूला. लॅमिंग्टन रोडला चांगला मीटर हजाराच्या आत मिळतो.

स्वप्नील_मुलुंड
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: दार, कंपोनंट, क्लास डी ४ चॅनल आत्ता, सब दिवाळीला. शनिवारी आईला घेऊनच दुकानात जाणार, टाळ टोचतात की नाही ते तीच सांगेल. शेवटची शंका, दोन्ही स्पीकर बरोबर जोडलेत हे मला घरी कसं कळेल?

सोल्डरगन
बॅलन्स मधोमध ठेव आणि कुठलंही बास असलेलं गाणं लाव. मग एकाच बाजूच्या मिडबासची प्लस मायनस उलटी करून तेच गाणं परत ऐक. ज्या जोडणीत बास भरीव आणि आवाज मधोमध येतो ती बरोबर. बास पातळ झाला आणि गायक दोन्हीकडे पसरला तर ती उलटी.

दहिसरकर
ट्वीटरचीही तशीच तपास. आणि कव्हर परत लावायच्या आधी कर हे सगळं, क्लिपा तुटतात नंतर.